पाचव्या डब्यातले दिवे

१

माझ्या हाताखालून गेलेली घंटी कधी मुकी राहिली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की उद्धव निंभोरकराच्या कामात कसर होती. सव्वीस वर्षं मी रेल्वेच्या टेलिफोनचा मेकॅनिक. अकोल्याच्या दोन्ही बाजूंची स्टेशनं माझ्याकडे. सकाळी सहाला हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघायचं, दुपारी दोनला परत. जेवण, पेलाभर ताक, आणि मग दारं-खिडक्या लावून पुढच्या खोलीत. मे महिन्यात अकोल्यात भर दुपारी दार उघडं ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, माझी बायको तारा त्यावर तांब्याने पाणी मारायची, आणि त्या गार अंधारात मी माझी गाडी बांधत बसायचो.

इंजिन आणि पाच डबे. एकेक डबा हातभर लांब. सांगाडा सागवानाचा, वरचा पत्रा रॉकेलच्या डब्याचा, पण रंग असा चढवलेला की जवळून पाहिलं तरी कळणार नाही. आत बाकं, सामानाच्या फळ्या, सगळं. पाचवा डबा गार्डाचा. त्याच्या टोकाला गार्डाची खोली, तिच्यात दोघांपुरतं बाकडं. शेजारपाजारचे म्हणत, "उद्धवराव, लय भारी खेळणं करून राहिले!" खेळणं हा शब्द ऐकला की माझं टाळकं सणकायचं.

कारण असे दिवे कोणाच्या गाडीत नव्हते. दिवे लावणारे पुष्कळ असतात हो. बटण दाबलं की सगळे डबे एकदम उजळतात, त्यात काय मोठं? माझ्या गाडीत हव्या त्या एका डब्याला मी टेबलावरून हुकूम देत होतो. तू लाग. तू विझ. बाकीच्यांनी गप बसा. ही युक्ती मी रोजच्या कामातून उचलली होती. आमच्या कंट्रोलच्या टेलिफोनला एकाच तारेवर वीस-बावीस स्टेशनं असतात. कंट्रोलवाला चावी फिरवतो, तारेतून ठोके जातात, आणि प्रत्येक स्टेशनातल्या डबीत एक दातेरी चाक टिकटिक करत पुढे सरकतं. चाकात पिना बसवलेल्या असतात. ठोके आपल्या नंबराचे असले तरच चाक शेवटपर्यंत जाऊन घंटी वाजवतं, नाही तर मध्येच गळून मागे येतं. प्रत्येक स्टेशनचा नंबर वेगळा, तीन आकड्यांचा, आणि तिन्हींची बेरीज सतरा. तेच मी डब्यांत बसवलं. तारेच्या जागी रूळ, घंटीच्या जागी बल्ब. दोन-सहा-नऊ दिले की पहिला डबा उजळे, तीन-पाच-नऊला दुसरा. तेच ठोके परत दिले की विझे.

ती इवली इवली चाकं अब्दुल रहीमने केली. जुन्या शहरात त्याचं घड्याळाचं दुकान. डोळ्याला भिंग लावून त्याने एकेक दात घासला, चार चाकांना चार महिने घेतले. पाचव्याच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि डॉक्टरने भिंग बंद केलं. तेव्हा मी माझ्या पेटीतून एका मोडीत काढलेल्या डबीचं चाक काढलं. तयार चाक, नामी माल. नियम असा आहे की डबी मोडीत काढताना चाकाच्या पिना उपटायच्या, म्हणजे तो नंबर मेला. मी उपटल्या नव्हत्या. इतकं सुरेख जमलेलं चाक बिघडवायला मन झालं नव्हतं, आणि आता तर वाटलं, चार-चार-नऊ हा नंबर माझ्या इतर चारांना आडवा येत नाही, मग राहू दे तसाच. तसाच बसवला.

२

गाडी कशासाठी, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात टेलिफोनच्या तारा तुटल्या तेव्हा तीन दिवस पाण्यात उभं राहून मी लाइन चालू केली होती. एक नवा जोड शोधून काढला होता, माझ्या डोक्यातून. वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात आमच्या साहेबांचं नाव होतं, आणि खाली 'व इतर कर्मचारी'. ते पत्र साहेबांनी मला वाचायला दिलं, वर हसून पाठीवर थाप मारली. इतर! त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, एक तरी वस्तू अशी करीन की तिच्यावर उद्धव निंभोरकर एवढंच लिहिलेलं असेल.

अमरावतीला एका शाळेच्या हॉलमध्ये मे अखेरीस हस्तकौशल्याचं प्रदर्शन भरणार होतं. भरवणारे बापूसाहेब म्हणून एक जुने वकील. त्यांचं कार्ड आलं होतं, पाच डब्यांची दिव्यांची गाडी अवश्य आणावी. ते कार्ड मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं.

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असतील. दुपारचे अडीच. मी सतरंजीवर आडवा पडलो होतो, टेबलावरची चावी माझ्यापासून पाच हात लांब. आणि मला ठोके ऐकू आले. टिकटिकटिकटिक. थांबा. टिकटिकटिकटिक. थांबा. मग नऊ. सव्वीस वर्षांचा कान आहे माझा, मला मोजावे लागत नाहीत. चार-चार-नऊ. पाचवा डबा उजळला.

उठून पाहिलं. चावी जागच्या जागी. तेच ठोके देऊन मी दिवा विझवला. म्हटलं, उन्हाने पत्रा फुगला असेल, कुठे तरी तार टेकली असेल. पण टेकलेली तार एक ठोका देते, फार तर दोन. ती चार मोजून थांबत नाही. तरीही मी स्वतःला तेच सांगितलं, आणि खरं सांगू का, त्याच वेळी मनात एक गुदगुलीही झाली. काय चाक आहे! सतरा ठोके, एकही चुकला नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी चावीची तार सोडवून ठेवली. अडीचला ठोके आले, डबा उजळला. तिसऱ्या दिवशी डबा रुळांवरून उचलून नुसत्या टेबलावर ठेवला. ना रूळ, ना तार. मी खुर्ची ओढून समोरच बसलो. पडद्यातून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते, बाहेर कुठे तरी कावळा ओरडत होता. अडीचला डब्याच्या पोटात चाक सरकायला लागलं. पत्र्यावर बोट ठेवलं तर प्रत्येक ठोका बोटाला कळत होता. चार. चार. नऊ. आणि पिवळा उजेड.

तारा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली ती तशीच उभी राहिली.

"अव माय! किती बेस दिसून राहिलं!" ती म्हणाली. मग वाकून जवळ पाहायला लागली. "अहो, अन् याच्यात मानूस कधी बसवला तुमी?"

"कोणता मानूस?"

"हा न. तिसऱ्या खिडकीत."

खिडक्यांना मी तेल लावलेला कागद चिकटवला होता, दुधी काच वाटावी म्हणून. तिसऱ्या खिडकीच्या कागदावर सावली होती. डोकं, खांदे. बाकावर बसलेल्या माणसाची असते तशी. मी छप्पर काढून आत पाहिलं. रिकामी बाकं, बल्ब, सेल, चाक. छप्पर परत बसवलं. सावली होती तिथेच होती.

"कागदाला तेल जास्ती लागलं असन," मी म्हणालो.

"तेलाले खांदे असतेत काय?" तारा म्हणाली. पुन्हा ती त्या वेळेला खोलीत आली नाही. पडद्यावर पाणी बाहेरूनच मारायची.

४

रहीमभाईला बोलावलं. तो छत्री मिटवून आत आला, घाम पुसला, आणि आपली चार चाकं आधी पाहून घेतली. मग पाचवं. भिंग लावायची बंदी होती तरी लावलंच.

"चाक में कुछ खराबी नाही, उद्धवराव," तो म्हणाला. "पन हे माझं नाही. हे काढून टाका. चार डबे घेऊन जा. चार बी कमी नाहीत."

"कार्डावर पाच लिहिलं हाय."

"लिहू द्या न! बापूसाहेब काय मोजत बसनार हायेत?"

"मी मोजीन ना पण! अन् गार्डाच्या डब्याबिगर गाडी असते का कुठी?"

रहीमभाई हसला. माझा हट्ट त्याला वीस वर्षांपासून माहीत. "बरं," म्हणाला, "मंग ज्याचं चाक हाय त्याले तरी विचारून घ्या."

ते मला पटलं. डबी भिवरडोह हॉल्टची होती. शाखेची लाइन केव्हाच उखडली, पण तिथला पॉइंट्समन, सांधे बदलणारा किसनराव बार्शीटाकळीला राहत होता. रविवारी मी गेलो. म्हातारा कडुनिंबाखाली बसून सुतळी वळत होता. मी त्याला गाडीचं सगळं सांगितलं, रंगासकट. त्याने कौतुकाचा एक शब्द काढला नाही, त्याचा मला रागच आला.

"नंबर चार-चार-नऊ ना?" त्याने विचारलं. "पिना काहून नाई काढल्या?"

"चांगलं चाक होतं."

"हं." त्याचे हात थांबले. "मानसं दिसतेत का त्याच्यात?"

मी नाही म्हणालो. का खोटं बोललो, मलाही सांगता येणार नाही.

"आमचा हाल्ट बंद झाला, तार तोडली," किसनराव म्हणाला. "तरी दुपारच्या टायमाले घंटी वाजे. मास्तर लय कडक मानूस. घंटी वाजली म्हंजे उचलाच लागते म्हने. तिकून एकच इचारत, गाडी कोनाची हाय."

रेल्वेत हा प्रश्न रोजचा आहे. गाडी कोणाची म्हणजे कोणत्या गार्डाच्या ताब्यातली. ज्याने माझी म्हटलं त्याचा चार्ज. बदलीचा माणूस आल्याशिवाय मग त्याला जागा सोडता येत नाही, आभाळ कोसळलं तरी.

"तीन दिवस मास्तर काई बोलले नाईत," तो म्हणाला. "चवथ्या दिवशी म्हनले, माझी."

"मग?"

"मंग काय. चार्ज घेतला त्यायनं."

एवढं बोलून तो उठला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्याची हाक आली. "कोनी इचारलं तं माझी म्हनजा नोका, साहेब. दुसरं काईबी सांगजा."

एसटीत बसल्यावर मला हसू आलं. आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी जीव टाकला, तोच म्हणू नका म्हणे! घरी येऊन ताराला ते सगळं हसत हसत सांगितलंही.

५

ताराच्या लुगड्यांत डबे गुंडाळून आम्ही तिघं अमरावतीला गेलो. रहीमभाईने काळी टोपी आणि इस्त्रीची शेरवानी घातली होती. उन्हाने माणूस भाजून निघत होता आणि हा गळ्यापर्यंत गुंड्या लावून. "चाकं माझी हायेत," तो म्हणाला, "त्यायची इज्जत ठेवाच लागते."

हॉलच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. तीनशे माणूस तरी असेल, पंख्यांचा घूं घूं आवाज, आणि दिवे मालवले तशी सगळीकडे खोकल्यांची गर्दी. मी रूळ मांडले, तारा जोडल्या, चावी तपासली. मग माझं लक्ष टेबलावरच्या पाटीकडे गेलं. 'दिव्यांची आगगाडी. रेल्वे विभाग, अकोला.' नाव नाही. मी पाटी उलटून पाहिली, मागे काही लिहिलंय का म्हणून. कोरी.

बापूसाहेब व्यासपीठावर उभे राहिले. आवाज खणखणीत, माणूस प्रेमळ. म्हणाले, "आता आपण एक अपूर्व वस्तू पाहणार आहोत. अकोल्याच्या साहेबांच्या मार्गदर्शनाखाली तेथील कर्मचाऱ्यांनी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. कानात नुसतं पाणी भरल्यासारखं झालं. पहिल्या रांगेत साहेब बसले होते. त्यांनी मान झुकवून नमस्कार घेतला.

काम हाताला पाठ होतं. दोन-सहा-नऊ. अंधारात पहिला डबा उजळला आणि तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. तीन-पाच-नऊ. दुसरा. पहिला विझवला, तिसरा लावला, चौथा लावला, दुसरा विझवला. उजेड माझ्या बोटांवर नाचत होता. लोक टाळ्या वाजवत होते, कोणी ओरडलं, "शाब्बास बे!" आणि मला वाटलं, हे कोणासाठी चाललंय? पहिल्या रांगेसाठी?

चार-चार-नऊ द्यायला मी चावीवर बोटं ठेवली. मी फिरवण्याआधीच ठोके सुरू झाले.

पाचवा डबा उजळला. सगळ्या खिडक्यांत माणसं होती. बसलेली नाहीत, उभी, एकमेकांना खेटून. डोकी, खांदे, कुठे कडेवरचं मूल. एकही सावली हलत नव्हती. सगळ्यांची तोंडं टेबलाच्या या बाजूला होती, जिकडे मी उभा होतो. फक्त टोकाची गार्डाची खोली रिकामी. तिथला दिवा लागला होता, बाकडं दिसत होतं, आणि कोणी नव्हतं.

हॉलमध्ये जो गजर झाला त्याने पंखे ऐकू येईनात. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं हीसुद्धा माझीच कारागिरी. आणि त्या गजराच्या आतून, अगदी साध्या, दमलेल्या आवाजात, टेलिफोनमधून येतो तसा, कोणी तरी विचारलं, "गाडी कोणाची?"

किसनराव आठवला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला आठवला. सुतळी धरलेला त्याचा हातही आठवला. काहीही सांगता आलं असतं. साहेबांची म्हटलं असतं तरी कोणाला खोटं वाटलं नसतं. पाटीवर तेच होतं. ते 'इतर' माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं.

"माझी!" मी ओरडलो. "उद्धव निंभोरकराची! एकट्याची!"

टाळ्या थांबल्या. बापूसाहेब गडबडले, त्यांनी चष्मा सारखा केला, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "अहो, मग हे आधी का नाही सांगितलं? मंडळी, निंभोरकरांसाठी..." पुन्हा टाळ्या पडल्या. साहेबांचा चेहरा मला पाहायचा होता. पण माझी नजर डब्यावर होती.

माणसं खाली बसत होती. एकेका खिडकीत, हळूहळू, जागा मिळाल्यासारखी. आणि गार्डाच्या खोलीत आता एक सावली होती. पाठमोरी. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला होता. सव्वीस वर्षं हत्यारांची पिशवी अडकवून माझा उतरलाय तसा.

मी नजर काढून बाजूला पाहिलं. भिंतीशी रहीमभाई उभा होता. टाळ्या वाजवायला उचललेले हात त्याने तसेच खाली सोडले.

६

प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. त्यावर माझं नाव आहे, बापूसाहेबांनी स्वतः लिहिलेलं, आणि दुसऱ्या कोणाचं नाही. येणाऱ्याला मी ते आधी दाखवतो. अक्षर बघा म्हणतो.

अमरावतीहून आल्यापासून पाचवा डबा विझलेला नाही. सेल काढले, बल्ब काढले. उजेड आहे. गाडी रुळांवर ठेवून मी समोर बसतो. कोणी बांधून ठेवलंय असं नाही. दार उघडं आहे, पाय धड आहेत, परसापर्यंत जातो आणि येतो. पण जरा वेळ झाला की वाटतं, गाडी सोडून कसा बसलो मी? मग परततो. कामावर रजेचा अर्ज दिलाय. तारा ताट उंबऱ्यापर्यंत आणते.

"उठा न हो," ती म्हणते. "चार दिवस मोर्शीले जाऊ भावाकडे."

"बदली आली की निघू," मी म्हणतो.

पहिल्यांदा ती हसली होती. आता ती ताट ठेवते आणि पदर तोंडाला लावून आत जाते. तिचं रडणं मला ऐकू येतं. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण उठवत नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर रहीमभाई आला. प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच. टोपी हातात, उंबऱ्याबाहेर उभा. मी त्याच्याशी कसा वागलो होतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. साहेबांनी मला इतरांत टाकलं होतं. मी त्याला तेवढंही ठेवलं नव्हतं.

"वहिनी दुकानात आल्या होत्या," तो म्हणाला. "सगळं सांगतलं." मग गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गार्डाच्या खोलीत बाकड्यावर एक सावली बसलेली, उजवा खांदा उतरलेला. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी.

"माफ करा, रहीमभाई," मी म्हणालो. "त्या दिवशी..."

"छोडो. थे बोलायले नाही आलो मी." तो उंबरा ओलांडून आत आला. "उद्धवराव, चार चाकं मी घासली. डोळे गेले माझे त्याच्यात. गाडी अर्धी माझी हाय की नाही? बोला. हाय न? मंग चार्ज बी अर्धा माझा. मी बसतो इथी. तुमी उठा, वहिनीले घेऊन जा, चार दिवस गावाले जाऊन या."

हा माणूस! त्याला कोणी सांगितलं नव्हतं की ती जागा कशाची आहे. त्याने पाहिली आणि त्याला समजली. समजून आत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मी खुर्चीवरून अर्धा उठलोही. चुलीवर चहा, मोर्शीची बस, शेजारी तारा, सगळं एकदम समोर आलं.

घड्याळ पाहिलं नाही, पण अडीच झाले असणार. डब्याच्या पोटात चाक सरकलं. चार. चार. रहीमभाईने तोंड उघडलं होतं. मान पुढे, श्वास घेतलेला, त्याचं उत्तर तयार होतं.

"गाडी कोणाची?"

"माझी!" मी त्याच्या आधी ओरडलो. "माझी एकट्याची! तुझा काय संबंध रे? चार दात घासले म्हणून गाडी तुझी झाली? घड्याळं दुरुस्त करणारा तू, तुला या कामातलं काय कळतं? नीघ इथून. माझ्या नावात वाटा मागायला आला!"

वीस वर्षांत मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला. मग लाल. त्याने टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली.

"मोठे कारागीर हायेत तुमी," तो म्हणाला. "मुबारक हो."

त्याच्या चपला पायऱ्यांवरून खाली गेल्या. पाच पायऱ्या आहेत, मी पाचही मोजल्या. फाटक वाजलं. तारा आतून धावत आली, "अहो, काय बोलले तुमी त्यायले? देवमानूस थो!" सांगता आलं असतं तर तिला म्हणालो असतो की सव्वीस वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम मी आत्ता केलं, आणि ते कोणाला दाखवता येणार नाही.

मी डब्याकडे वळलो. सगळ्या खिडक्यांतली माणसं आपापल्या जागी बसलेली होती. गार्डाच्या शेजारची जागा रिकामी होती.